इंजिन पकडत नव्हतं, आणि मी गप्प होतो

माझ्या मित्राने बोट घेतली तेव्हा त्याने ती बातमी मला स्वतः सांगितली नाही. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्या बायकोला फोटो पाठवला. निळ्या रंगाची, फार मोठी नाही, मधोमध डोलकाठी, आणि सुकाणूपाशी हा लाल जॅकेट घालून उभा. बायकोने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बघा, किती छान." मी म्हणालो, "छान आहे." मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच भांडी घासत बसलो. घरात डिशवॉशर असताना.

आम्ही दोघं एकाच मेडिकल कॉलेजात होतो, एकाच खोलीत राहायचो. इंग्लंडला एकाच वर्षी आलो. तो हार्टचा डॉक्टर झाला, मी भूल देणारा. तो सगळ्या परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला, एडिनबरात कन्सल्टंट झाला. माझा शेवटचा पेपर तीनदा गेला. मग मी तो नाद सोडला आणि लंडनच्या पूर्वेला एका हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या एक पायरी खालच्या हुद्द्यावर राहिलो. काम तेच करतो. दारावरची पाटी वेगळी. आम्ही राहतो त्या इल्फर्डमधल्या ओळखीच्या लोकांना हा फरक कळतही नाही, पण मला रोज कळतो.

त्याचा मला हेवा वाटतो हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. हेवा परीक्षांचा होता, घराचा होता, त्याच्याशी लोक पाच मिनिटांत मोकळे होतात त्याचा होता. पण सगळ्यात जुना हेवा वेगळाच होता, आणि तो सांगितल्याशिवाय बोटीवर काय झालं ते कळणार नाही.

माझ्या वडिलांचं आमच्या तालुक्याच्या गावी इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. पत्र्याची शेड, जमिनीवर तेल जिरून काळी झालेली माती, आणि उसाच्या शेतांवरची डिझेल इंजिनं ओळीने उघडी पडलेली. मी तिथेच मोठा झालो. पाने हातात द्यायचे, नोझल डिझेलमध्ये धुवायचे, इंजिन चालू होत नसेल तर डिझेलच्या पाइपात अडकलेली एअर काढायची. कॉलेजात मात्र मी सगळ्यांना सांगायचो की वडिलांचा मशिनरीचा बिझनेस आहे. या मित्राचे आई-वडील दोघंही पुण्यात प्राध्यापक. त्याला खरं कळलं ते एका सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला तेव्हा. मला वाटलं होतं, तो शेड बघेल आणि कॉलेजात जाऊन सांगेल. त्याने तसं काही केलं नाही. तो पांढरा शर्ट घालून आला होता, तसाच माझ्या वडिलांच्या शेजारी मातीत बसला आणि दिवसभर त्यांना प्रश्न विचारत राहिला. संध्याकाळी वडील आईला म्हणाले, "पोराचा हात चांगला आहे."

मला ते असं कधी म्हणाले नव्हते. पुढेही म्हणाले नाहीत. मी इंग्लंडहून फोन केला की ते आधी माझी चौकशी करायचे आणि मग नेमाने विचारायचे, "तुझा तो मित्र कसा आहे?"

तर आता बोट.

मागच्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे एडिनबराला गेलो. गेल्याच दिवशी त्याने जेवताना सांगितलं, "उद्या बोट पाण्यात टाकायचीय. हिवाळाभर यार्डात होती. तुम्ही दोघंही चला. क्रेनने उचलतात, बघण्यासारखं असतं. मग दुपारी खाडीतून एक राउंड मारू."

"थंडी असेल," मी म्हणालो.

"अरे, लेका, इथे जूनमध्येपण थंडी असते. चल तू."

शहरापासून तासाभरावर फोर्थच्या खाडीकाठी एक लहानसं बंदर आहे. दगडी धक्का, त्यामागे यार्ड, आणि यार्डात लाकडी टेकूंवर उभ्या केलेल्या पन्नासेक बोटी. हवा लख्ख होती पण वारा कान कापत होता. क्रेनने एकेक बोट पट्ट्यांत उचलून पाण्यात सोडत होते, आणि ज्याची बोट पाण्यात जाईल त्याने इंजिन चालू करून ती पलीकडे तरंगत्या जेट्टीला नेऊन लावायची, म्हणजे पुढच्याला जागा होते. मित्राचा नंबर चौथा होता. तिथल्या प्रत्येक माणसाला तो ओळखत होता. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कुणी त्याच्या गुडघ्याची चौकशी करत होतं. मी मागे हात खिशात घालून उभा होतो. माझी ओळख करून देताना तो प्रत्येकाला सांगत होता, "हा माझा सगळ्यात जुना मित्र." आणि मला वाटत होतं, हे तरी याला इतकं सहज कसं बोलता येतं.

बोट पाण्यात उतरली. आम्ही चौघंही शिडीने खाली उतरलो. त्याने चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, घर्र घर्र घर्र, आणि बस. परत फिरवली. परत तेच.

"बॅटरी तर नवीन आहे," तो म्हणाला.

बॅटरीचा प्रश्नच नव्हता. इंजिन चांगलं जोरात फिरत होतं, नुसतं पकडत नव्हतं. मी मागे वाकून एक्झॉस्टकडे पाहिलं. पाणी थुंकत होतं, पण धुराचा एक धागाही नव्हता. डिझेल इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं.

वहिनींनी थर्मासमधून चहा आणायला मला खाली केबिनमध्ये पाठवलं. इंजिन तिथेच, पायऱ्यांमागे, झाकण काढून उघडं होतं. मी फोनचा टॉर्च लावला. खरं तर नुसती सवय. इंजिनाच्या बाजूला फ्युएल पंप, आणि पंपावर बोटाएवढी एक लिव्हर. इंजिन बंद करायचं असतं तेव्हा वर सुकाणूपाशी एक नॉब ओढायचा, त्याची केबल ही लिव्हर मागे खेचते आणि डिझेल तोडते. चालू करताना नॉब परत आत ढकलायचा. मित्राने नॉब आत ढकलला होता, ते मी वर पाहिलं होतं. पण सहा महिने ओलसर हवेत केबल गंजून आखडली होती. वरचा नॉब आत गेला, केबल मधेच कमान होऊन वाकली, आणि खाली लिव्हर होती तिथेच राहिली, बंदच्या जागी. एका बोटाने पुढे ढकलली असती तर इंजिन चालू झालं असतं.

मी बोट पुढे केलंसुद्धा. मग मागे घेतलं.

का, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. वर त्याचा आवाज येत होता, कुणाला तरी हसून सांगत होता, "दोन मिनिटांत होईल." मला वाटलं, होऊ दे दोन मिनिटं. बघू या. मी थर्मास घेऊन वर आलो आणि सगळ्यांना चहा दिला.

त्याने आधी पुस्तक काढलं. मग फोनवर व्हिडिओ लावला. मग म्हणाला, "फिल्टर चोक झाला असेल." फिल्टर बदलायला त्याला अर्धा तास लागला, त्यात निम्मं डिझेल बाहीवर सांडलं. मग एअर काढायला बसला. कुठला स्क्रू ढिला करायचा ते त्याला सापडेना. मला सापडला होता, मी बसलो होतो तिथून दिसत होता.

"हा का रे?" त्याने मला विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "आमच्याकडची इंजिनं वेगळी होती."

हे खोटं होतं. इंजिन जवळजवळ तसंच होतं.

दर पाच-दहा मिनिटांनी तो चावी फिरवायचा. घर्र घर्र घर्र. धक्क्यावर आता लोक जमले होते. पुढची बोट पट्ट्यांत लटकत होती, तिचा मालक घड्याळ बघत होता. शेवटी चार जणांनी दोर धरून आमची बोट हाताने ओढत धक्क्याच्या टोकाला नेली, म्हणजे क्रेनखालची जागा मोकळी झाली. ओढणाऱ्यांना तो सॉरी, सॉरी म्हणत होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, थंडीने नव्हे. एवढ्या वर्षांत मी त्याला असा अवघडलेला कधी पाहिला नव्हता. आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं. चहा गोड लागत होता. ऊन छान वाटत होतं. मी माझ्या बायकोशी पलीकडच्या टेकड्यांबद्दल बोललो. ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

असे जवळपास दोन तास गेले.

मग शेजारच्या बोटीवरून एक बाई आली. सत्तरीची, स्कॉटिश, अंगावर ग्रीसचे डाग पडलेला बॉयलर सूट. तिने धक्क्यावरूनच इंग्रजीत विचारलं, "किती वेळ फिरवतोयस ते?"

"सकाळपासून," मित्र म्हणाला.

"आणि समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच आहे?"

तो पुस्तकाची पानं उलटू लागला.

ती शिडीने भराभर खाली आली. तिने समजावून सांगितलं ते असं. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत खेचलं जातं आणि ते एक्झॉस्टमधून बाहेर टाकलं जातं. इंजिन चालू असेल तर धुराच्या जोराने पाणी बाहेर जातं. नुसतं स्टार्टरवर फिरवत राहिलं तर पाणी आत येत राहतं आणि त्याला बाहेर ढकलायला धूर नसतो. ते सायलेन्सरमध्ये साठतं, आणि तो भरला की मागे उलटून सिलिंडरमध्ये घुसतं. मग इंजिन संपलं.

तिने व्हॉल्व्ह बंद केला, सायलेन्सरच्या बुडाचं बूच काढलं आणि खाली बादली धरली. पाणी येतच राहिलं. बादली जवळजवळ भरली. ती म्हणाली, "अजून तीन-चार वेळा फिरवलं असतंस, तर मी तुला नवीन इंजिनाचा कॅटलॉग आणून दिला असता."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. वडिलांच्या शेडमधल्या इंजिनांना अशी समुद्राची भानगड नव्हती, त्यामुळे हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होतो की फार तर तो थोडा फजीत होईल. त्याच्या इंजिनाचं वाटोळं होत होतं आणि मी टेकड्या बघत होतो.

"मला बघू दे जरा," मी म्हणालो.

इथे मी थांबायला हवं होतं आणि सरळ लिव्हर ढकलायला हवी होती. मी तेही केलं नाही. मी आधी फिल्टर तपासला, तो बदलताना शिरलेली एअर काढली, ती काढणं भागच होतं. पाइप चाचपले. एक नट उगाच घट्ट केला. दहा मिनिटं मी शोधण्याचं नाटक केलं, कारण एकदम सापडलं तर कुणाला तरी संशय येईल. मग म्हणालो, "अरे, ही लिव्हर बघ. मागेच राहिलीय. केबल आखडलीय." आणि बोटाने पुढे केली.

बॅटरी तोवर दमली होती. बाईंनी त्यांची बॅटरी आणून जोडली. मित्राने चावी फिरवली. इंजिनाने दोनदा ठसका दिला, पांढरा धूर फेकला आणि पकडलं. बाईंनी लगेच व्हॉल्व्ह उघडला. धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्राने मला मिठी मारली. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता, अगदी आमच्या शेडसारखा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तो धक्क्यावरच्या सगळ्यांना इंग्रजीत मोठ्याने सांगू लागला, "याचे वडील आमच्या भागातले सगळ्यात नावाजलेले डिझेल मेकॅनिक होते. मी त्यांच्या हाताखाली एक दिवस काम केलंय. मला काही जमलं नाही, पण याच्या रक्तात आहे."

पस्तीसेक वर्षांत या देशात मी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं की माझे वडील मेकॅनिक होते. आणि हा ते अभिमानाने सांगत होता. मला आनंद व्हायला हवा होता. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते, सकाळपासून मला हवं होतं ते मिळालं होतं. पण मनात आलं ते हेच, की माझ्या वडिलांबद्दल अभिमानाने बोलायचं कामसुद्धा यानेच केलं. तेही माझं माझ्याकडे राहिलं नाही.

खाडीतली चक्कर झाली. वहिनींनी डब्यातून थालीपीठ काढलं. मी दोन घास खाल्ले आणि पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

परतीच्या ट्रेनमध्ये स्कॉटलंडच्या हद्दीवरचं बर्विक स्टेशन मागे पडल्यावर बायकोने पुस्तक मिटलं.

"तुम्हाला कधी कळलं होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"ती लिव्हर. तुम्ही थर्मास आणायला खाली गेलात, आणि वर आलात तेव्हा हसत होतात. एकटेच."

मी खिडकीबाहेर बघितलं. ती म्हणाली, "मी तिथेच बोलणार होते. मग वाटलं, तुम्हीच सांगाल. शेवटपर्यंत वाट पाहिली मी." आणि तिने पुस्तक परत उघडलं. 

मी त्याला तिसऱ्या दिवशी फोन केला. आधी ठरवलं होतं की हसण्यावारी नेत सांगायचं. ते जमलं नाही.

"मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं होतं," मी म्हणालो.

"काय दिसलं होतं?"

"लिव्हर मागे होती ते."

 तो म्हणाला, "म्हणजे मी तिथे गुडघ्यावर बसून डिझेलने अंघोळ करत होतो आणि तू चहा पीत होतास."

"हो."

"का पण?"

"मला बरं वाटत होतं," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

पूर्ण उन्हाळा त्याचा फोन आला नाही. आमच्या बायका एकमेकींशी बोलत होत्या, त्यामुळे मला त्याच्या बातम्या कळायच्या, पण बोटीवरच्या त्या दिवसाविषयी माझ्या बायकोने आपणहून काही काढलं नाही. मी दोनदा मेसेज लिहिला आणि पुसला. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट झोपला, मॉनिटरवर सगळं ठीक दिसायला लागलं, की ती बादली आठवायची. माझं कामच मुळी असं आहे की काही चुकतंय असं दिसलं की त्या सेकंदाला बोलायचं. तीस वर्षं मी ते न चुकता करत आलोय, परक्यांसाठी.

ऑक्टोबरमध्ये त्याचा मेसेज आला. "शनिवारी बोट बाहेर काढतोय. येतोस का?" एवढंच. मी एकटाच गेलो.

आम्ही सकाळभर काम केलं. त्याने एप्रिलचा विषय काढला नाही. ऑइल बदललं, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपांतलं पाणी काढलं. केबल त्याने उन्हाळ्यात नवी टाकली होती. मी त्याला एअर कशी काढायची ते दाखवलं आणि मग त्याच्याकडून दोनदा करून घेतली. दुसऱ्यांदा त्याने न चुकता केलं. बघता बघता माझ्या तोंडून गेलं, "हात चांगला आहे तुझा." त्याने वर पाहिलं.

"मी त्या दिवशी तुला तो स्क्रू विचारला," तो हात पुसत म्हणाला, "तेव्हा तू खोटं बोलतोयस हे मला कळलं होतं. तुला इंजिनातलं कळत नाही, हे मी कसं मानणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्यापुढे हात जोडायची लाज वाटली. तुझ्या बाबांना मी एका दिवसात आवडलो, ते तुला टोचलं होतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. मला ते आवडायचं, खरं सांगायचं तर. म्हणून तर मी सारखी त्यांची आठवण काढायचो." त्याने फडकं खाली ठेवलं. "पण बादली बघितल्यावर तुझा राग आला तो आला. अजून पूर्ण गेलेला नाही."

"जाऊ देऊ नकोस," मी म्हणालो.

दुपारी धक्क्यावरच्या गाडीवरून आम्ही फिश अँड चिप्स घेतले आणि भिंतीवर बसून खाल्ले. सीगल पायांपाशी घुटमळत होते. तो म्हणाला की पुढच्या वर्षी तो रिटायर होतोय. पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी एक घर पाहून ठेवलंय, समोरच लॉक, म्हणजे तिकडचं डोंगरांमधलं खाडीसारखं पाणी, अंगणातून पाण्यात उतरता येतं, मागे डोंगर. मुलगी म्हणते की ती पण जवळच ग्लासगोला बदली करून घेईल. तो बोलत होता आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. माझी अजून पाच वर्षं नोकरी आहे, आणि आमच्या घरासमोर बसस्टॉप आहे.

"मला तुझा हेवा वाटतोय," मी म्हणालो. "आत्ता, या क्षणी."

त्याने चिप्सवर आणखी व्हिनेगर ओतलं.

"वाटू दे," तो म्हणाला. "खा आधी, गार होतंय."